तळ्याचं पाणी किती नितळ? घरच्या घरी बनवा सेकी तबकडी

मालवण तालुक्यातलं धामापूरचं तळं १५३० सालचं, मातीचा बांध घालून अडवलेलं. पिण्याला, बागायतीला, मासळीला तेच पाणी. असं पाणी बिघडू लागलं की नितळपणा बहुधा आधी घटतो, आणि तो मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. सेकी तबकडी पुरते: काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती किती खोलीपर्यंत दिसते ते बघायचं.

पत्र्याची २० सेंमी व्यासाची गोल तबकडी कापा. तिचे चार भाग पाडून एकाआड एक काळे-पांढरे रंगवा. रंग मॅटच घ्या; चकचकीत रंगावर ऊन चमकतं आणि माप चुकतं. मधोमध भोक पाडून दोरी बांधायला आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) बसवा, खाली किलोभर वजन बांधा. दोरी आधी भिजवून ताणा, मगच दर १० सेंमीवर खूण करा. कोऱ्या कोरड्या दोरीवरच्या खुणांचा भरवसा नसतो.

सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान, वारा पडलेला असताना, लाइफ जॅकेट घालून होडीतून खोल पाण्यात जा. होडीच्या सावलीच्या बाजूने तबकडी सोडा. दिसेनाशी होते ती खोली टिपा. थोडी आणखी सोडून वर ओढा आणि पुन्हा दिसते ती खोलीही टिपा. दोन्हींची सरासरी म्हणजे तुमचं माप. तबकडी तळाला किंवा पाणवनस्पतींना टेकली तर माप बाद. गॉगल काढून ठेवा. दर पंधरवड्याला जागा आणि वेळ तीच ठेवा, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

माप घटलं, म्हणजे पाणी गढूळलं, की काचेच्या ग्लासात पाणी घेऊन रात्रभर ठेवा. पावसाळ्यात तांबूस गाळ तळाशी बसला, तर उतारावरची माती व्हाळातून (ओढ्यातून) येते आहे. वर कुठे झाडं तोडून जमीन उघडी केली आहे ते बघा.

हिरवटपणा तसाच राहिला तर ते सूक्ष्म शेवाळ, आणि खरी काळजी याचीच. एप्रिल-मे महिन्यांत पाणी कमी, ऊन कडक; त्यात साबण, खत आणि सांडपाण्यातलं फॉस्फरस आलं की शेवाळ झपाट्याने वाढतं. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढतं, म्हणून मासे पहाटे मरतात. इथल्या जांभ्या दगडाला भेगा आणि पोकळ्या असतात, त्यामुळे काठाजवळच्या शोषखड्ड्यातलं पाणी न गाळताच तळ्यात उतरतं. शोषखड्डा काठापासून लांब घ्या, कपडे धुण्याची जागाही हलवा. काही जातींच्या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही. पाण्यावर हिरवी साय दिसली तर ते पिऊ नका, गुरांनाही पाजू नका, आणि नमुना जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत द्या.