जीएसटीच्या कामात नवीन आहात? आधी ‘सप्लाय’ समजून घ्या

बी.कॉम. होऊन आमच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात येणारी मुलं टॅलीत एंट्र्या झटपट मारतात, कशावर किती टक्के तेही पाठ असतं. अडतात ती ‘सप्लाय’पाशी. सप्लाय म्हणजे दुकानात माल टाकणारा टेम्पो, एवढंच डोक्यात असतं. पण कायद्यात सप्लाय म्हणजे व्यवसायात माल किंवा सेवा पुरवणं, आणि १ जुलै २०१७ पासून सगळा कर या एका शब्दावर उभा आहे. पूर्वी विक्रीवर व्हॅट, सेवेवर सर्व्हिस टॅक्स, कारखान्यात बनलेल्या मालावर एक्साइज होता. आता विचारायचं एकच: सप्लाय झाला का?

म्हणून विक्री शोधत बसू नका. पुण्याच्या कंपनीने स्वतःच्याच हुबळीच्या शाखेला माल पाठवला, एक रुपयाही घेतला नाही, तरी तो सप्लाय. उलट कर्मचारी महिनाभर राबून पगार घेतो, तो सप्लाय नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो ‘प्लेस ऑफ सप्लाय’ला, म्हणजे कायद्याने सप्लाय कुठे झाला असं धरायचं त्या जागेला. समजा, पुण्याच्या पार्टीने इचलकरंजीहून कापड घेतलं आणि सांगितलं, ‘माल थेट बेळगावला टाका.’ ट्रक कर्नाटकात गेला म्हणून नवीन मुलं डोळे झाकून आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर) लावतात. पण माल पुण्याच्या सांगण्यावरून गेला, बिलही पुण्याच्या नावावर. म्हणून प्लेस ऑफ सप्लाय पुणे, आणि सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहारावरचा केंद्राचा आणि राज्याचा कर) लागतो. आयजीएसटी येतो तो पुणेकर बेळगावच्या गिऱ्हाइकाला बिल करेल तेव्हा. बिल हातात आलं की दोन्हीकडच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायची सवय लावून घ्या: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३० गोवा.

हॉटेलच्या बिलाला मात्र तेवढं पुरत नाही. पुण्याची माणसं पणजीत राहिली, बिलावर २७चा नंबर टाकला, तरी प्लेस ऑफ सप्लाय जिथे हॉटेल तिथेच. गोव्याचा एसजीएसटी लागतो आणि पुण्याच्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा करणं) मिळत नाही. क्लाएंट यावर हमखास वाद घालतात. त्यांना शांतपणे समजवा.

थ्री-बी (जीएसटीआर-३बी, कर भरायचं विवरणपत्र) भरताना ३.१ चा तक्ता नीट बघा. निर्यात, सुटं धान्य आणि पेट्रोल, तिन्हींवर जीएसटी भरला नाही तरी ओळी वेगळ्या: निर्यात झीरो रेटेड (शून्य दराची), धान्य एग्झेम्प्ट (करमाफ), पेट्रोल नॉन-जीएसटी (जीएसटीच्या बाहेरचं). निर्यातदाराला खरेदीवरच्या कराचा परतावा मागता येतो, धान्यवाल्याला नाही. निर्यातीचा आकडा भलत्या ओळीत गेला तर परतावा अडकू शकतो, म्हणून फाइल करण्याआधी ती ओळ सीनियरला दाखवाच.