स्मृती म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे: मानसशास्त्र शिकताना या चुका टाळा

'मेंदू अनुभव साठवतो आणि हवा तेव्हा जसाच्या तसा बाहेर काढतो.' उत्तराची सुरुवात अशी केली की स्मृतीचं पुढचं सगळं प्रकरण चुकतं. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि त्यात मागाहून कानावर पडलेलंही मिसळतं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये मोटार अपघाताची चित्रफीत दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात फक्त क्रियापद बदललं: काहींसाठी सौम्य, काहींसाठी जोरदार. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत काच नव्हतीच. तरी जोरदार क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जण 'हो' म्हणाले, सौम्य ऐकलेल्या ५० पैकी ७.

यावरून 'सगळ्याच आठवणी खोट्या' असं मात्र लिहू नका. ५० पैकी ३४ जणांनी काच नाकारली, हेही त्याच प्रयोगात आहे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आतला एक भाग) हे स्मृतीचं केंद्र' एवढ्यावर थांबणं. हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये अपस्माराची शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. नवे प्रसंग त्यांच्या लक्षात राहीनात. पण आरशात बघून चांदणीची आकृती गिरवण्यात त्यांचा हात रोज सुधारत गेला, आणि आदल्या दिवशी आपण हेच केलं होतं हे त्यांना आठवतही नसे! म्हणून उत्तरात कोणती स्मृती, प्रसंगांची की कौशल्याची, ते स्पष्ट लिहा.

मेंदूत दोन्ही बाजूंना असलेल्या अमिग्डाला या भागाचंही तसंच. तो 'भीतीचं बटण' नाही. दोन्ही अमिग्डाला निकामी झालेल्या रुग्णांनाही कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगल्यावर प्रचंड भीती वाटली. आणि 'आपण मेंदू दहाच टक्के वापरतो' हे वाक्य वहीतून खोडूनच टाका.

अभ्यासाच्या पद्धतीतली चूक मला सर्वांत महागाची वाटते. धडा पुन्हा पुन्हा वाचला की ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. तेव्हा पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, मग पुस्तक उघडून जे सुटलं तेवढंच वाचा.