झाडोऱ्यातल्या कस्तुराचा फोटो कसा काढावा

‘हळूहळू जवळ सरका’ हा सल्ला माळरानावर ठीक. दाट झाडीत केशरी डोक्याचा कस्तूर हा पक्षी झुडपाच्या बुडाशी पाला उलटत किडे शोधतो. तुमच्या पायाखाली एक पान वाजलं की आत पसार. त्याच्यामागे फिरू नका, बसा.

जागा: एप्रिल-मेमध्ये ओढा आटल्यावर उरलेलं डबकं. काठावर ताजी विष्ठा, पिसं दिसली तर तेच. दुपारी तीनच्या आत बुंध्याला पाठ टेकून, मातकट कपड्यांत, सात-आठ मीटरवर बसा. आसपास दुसरं पाणी नसेल तर आणखी लांब. फोटोसाठी पक्ष्याचं पाणी अडवायचं नाही. लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर, तांदूळ भरलेल्या पिशवीवर ठेवा.

खरा घोळ उजेडाचा. ‘आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ८०० च्या वर नेऊ नका’ असं सांगणाऱ्यांनी सावलीत फोटो काढलेला नसतो. आयएसओ वाढवल्यावर फोटोत उठणारे दाणे नंतर सॉफ्टवेअरने कमी होतात, हललेला डोळा कशानेच सरळ होत नाही. ४०० मिमी लेन्स, अपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) ५.६, आयएसओ १६०० ते ६४०० धरून चला. कस्तूर चार पावलं पळतो, थबकतो, मान तिरकी करतो. त्या थबकण्यात १/१२५ सेकंदाच्या शटरवर चार-पाच फ्रेमचा बर्स्ट (सलग फोटो) मारा, एखादी धारदार निघतेच. पळताना बटण दाबणं फुकट. अंघोळीचे थेंब गोठवायला १/१६०० लागतं, म्हणजे १६०० चा आयएसओ थेट २०,००० वर. तो हट्ट पाण्यावर कवडसा येईपर्यंत ठेवून द्या.

दुसरी गोम मीटरिंगची, म्हणजे कॅमेरा उजेड मोजतो त्याची. मागचा काळोख पाहून कॅमेरा सगळंच उजळतो आणि कस्तुराचा पांढरा गाल चुन्यासारखा सपाट होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची सेटिंग) उणे २/३ ते उणे १ ठेवा. त्याहून खाली नको, कारण घरी उजळवताना सावल्यांत दाणेच दाणे उठतात. गालावरच्या दोन उभ्या गडद पट्ट्यांमधली पिसं सुटी दिसली की मोजमाप बरोबर.

फोकस एकाच बिंदूवर, डोळ्यावर. फ्लॅश नको.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. पावसाच्या तोंडावर आलेला नवरंग पक्षी ती शीळ ऐकून धावून येतो तो हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून. ऐन विणीत त्याची ताकद अशी वाया घालवायची नाही. घरट्याचे फोटो तर अजिबात नकोत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं शिकारीच्या व्याख्येतच बसतं. अभयारण्यात फोटोग्राफीसाठी वनखात्याची परवानगी लागते, ती आधीच काढा.