क्वांटमवर वाद घालताय? मग या चुका टाळा

क्वांटम मेकॅनिक्सच्या अर्थावर गप्पा रंगल्या की दहा मिनिटांत कोणीतरी मांजर आणतं, कोणीतरी आइनस्टाइनचे फासे काढतं आणि हिशेब बाजूलाच राहतो. खरा गुंता बहुतेक वेळा हिशेबातच असतो.

संभाव्यता थेट मिळवणे

नाणी-फाशांच्या सवयीने आपण दोन वाटांच्या संभाव्यतांची बेरीज करून मोकळे होतो. दोन फटींचा प्रयोग घ्या: दोन बारीक फटींतून इलेक्ट्रॉन पडद्याकडे सोडायचे आणि ते कुठे पडतात ते पाहायचं. एकच फट उघडी असताना पडद्यावरच्या एका जागेसाठी इलेक्ट्रॉनचा अँप्लिट्यूड (त्या वाटेला जोडलेली संख्या, ती उणेही असू शकते) ०.३ आहे असं धरा. संभाव्यता म्हणजे त्याचा वर्ग, ०.०९. दुसऱ्या फटीचंही तेच. दोन्ही उघडल्यावर ०.१८ यावं ना? नाही येत. आधी अँप्लिट्यूड मिळवायचे, वर्ग मागाहून: ०.६ चा वर्ग ०.३६. पडद्यावर जरा सरकून पाहिलं आणि तिथे दुसऱ्या फटीच्या अँप्लिट्यूडचं चिन्ह उणे असलं, तर शून्य. म्हणजे दुसरं दार उघडलं आणि येणारे यायचे थांबले! (खरे अँप्लिट्यूड संमिश्र संख्या असतात, इथे सोयीपुरत्या साध्या घेतल्या.)

उत्तर जुळत नसेल तर वर्ग कधी केलात ते आधी पाहा. लाजायचं कारण नाही. १९२६ साली माक्स बॉर्नने निबंधाच्या मजकुरात वर्ग लिहिलाच नव्हता. तो आला प्रूफ तपासताना जोडलेल्या तळटीपेत. त्या तळटीपेतल्या नियमाचा १९५४ च्या नोबेलमध्ये मोठा वाटा आहे.

‘ही गर्दीची करामत आहे’

पुष्कळ इलेक्ट्रॉन एकमेकांना धक्के देत असतील, म्हणून पडद्यावर दाट-विरळ ठिपक्यांचे पट्टे उमटतात, ही शंका रास्त आहे, पण चुकीची. आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. सुरुवातीचे ठिपके वाटेल तिथे पडले. हजारो जमल्यावर पट्टे दिसू लागले.

‘निरीक्षक’ म्हणजे माणूस

यात दोष शब्दाचा आहे. फटीपाशी वाट नोंदवणारं यंत्र लावलं की बेरीज ०.१८ च येते, ती नोंद कोणी वाचो न वाचो. जाणिवेचा संबंध जोडणारे भौतिकशास्त्रज्ञ झाले, पण सिद्धांताला त्याची गरज पडत नाही. आणि ते मांजर? बंद पेटीतलं, हिशेबाने एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं हे मांजर श्रोडिंगरने १९३५ मध्ये मांडलं ते वेव्ह फंक्शनला (सगळ्या शक्यतांचे अँप्लिट्यूड एकत्र सांगणाऱ्या गणिती वर्णनाला) शब्दशः खरं मानलं तर काय विचित्र निघतं हे दाखवायला. लोक मात्र ते पुरावा म्हणून पुढे करतात.

आइनस्टाइनला फक्त नशिबाचं वावडं होतं

देव फासे टाकत नाही, हे त्याने १९२६ मध्ये बॉर्नला लिहिलं खरं. पण १९३५ मध्ये पोडोल्स्की आणि रोझेनबरोबर लिहिलेल्या निबंधातली तक्रार वेगळी आहे: सिद्धांत अपुरा आहे, कारण नाहीतर इथल्या मापनाचा परिणाम जोडीतल्या दूरच्या कणावर झाला असं मानावं लागतं. फाशांपेक्षा ही जास्त खोल जाते.

‘बेलने छुपे घटक संपवले’

अर्धंच खरं. जॉन बेलचं १९६४ चं प्रमेय सांगतं की स्थानिक छुपे घटक (मापनाआधीच निकाल ठरवणाऱ्या, आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टी, ज्यांवर दूरच्या घटनेचा तत्काळ परिणाम होत नाही) मानले तर जोडीतल्या दोन कणांच्या निकालांच्या जुळणीची एक ठरावीक बेरीज २ च्या वर जाऊ शकत नाही (ही २ ची मर्यादा प्रमेयाच्या १९६९ मधल्या रूपातली). क्वांटम हिशेब २.८३ पर्यंत जातो आणि प्रयोगांत २ ओलांडलं गेलं. आस्पे, क्लाउझर, त्साइलिंगर यांना २०२२ चं नोबेल त्यासाठीच. त्यात ‘स्थानिक’ हा शब्द गाळला की सगळं बिघडतं. डेव्हिड बोमचा १९५२ चा सिद्धांत छुप्या घटकांचाच आहे, स्थानिक नाही म्हणून तो तगला, आणि खुद्द बेल त्याची बाजू घ्यायचे.

प्रयोगाने निकाल लावा म्हणणे

कोपनहेगनचा रूढ अर्थ, एव्हरेटची अनेक विश्वं (प्रत्येक शक्यता आपापल्या विश्वात घडते), बोम: तिन्ही अर्थांची आकडेवारी एकच, त्यामुळे नेहमीच्या प्रयोगात कोणी हरत नाही. वेव्ह फंक्शन आपोआप कोसळतं (अनेक शक्यतांतून एकच उरते) म्हणणारे सिद्धांत मात्र समीकरणच बदलतात, म्हणून ते अडकू शकतात. इटलीत ग्रान सासो डोंगराखाली जर्मेनियमच्या डिटेक्टरने अशा कोसळण्यातून निघणारं क्षीण प्रारण शोधलं. अपेक्षेइतकं ते सापडलं नाही, आणि गुरुत्वाकर्षणामुळे ते कोसळतं या डिओशी-पेनरोझ कल्पनेचं सर्वांत साधं रूप २०२० मध्ये बाद झालं.