घरच्या नळाची बिअर आणि फेसाचे गणित

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या गॅरेजमध्ये बहुधा एक जुना फ्रीज असतो. स्वयंपाकघरात नवा आला म्हणून जुना टाकून देणे जिवावर येते, आणि पाहुणे यायचे असले की तेवढ्यापुरता तो कामाला लागतो. क्राफ्ट बिअर (छोट्या कारखान्यांत किंवा घरी बनवलेली बिअर) नळावर देण्यासाठी हाच फ्रीज उत्तम. पुढील माहिती तिथल्या व्यवस्थेला धरून लिहिली आहे, कारण भरलेला केग, म्हणजे बिअरचे धातूचे पिंप, दुकानातून घरी आणणे आणि घरापुरती बिअर स्वतः बनवणे या दोन्ही गोष्टी तिथे रुळलेल्या आहेत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, हे इथल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पहिल्यांदा केग आणणाऱ्याने ‘सिक्स्थ बॅरल’ या मापाचा आणावा. त्यात ५.१६ गॅलन, म्हणजे सुमारे १९.५ लिटर बिअर मावते आणि १६ औंसांचे साधारण ४० ग्लास निघतात. १५.५ गॅलनचा ‘हाफ बॅरल’ ग्लासामागे स्वस्त पडतो, पण आयपीए (इंडिया पेल एल) सारख्या बिअरमधला हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, ताजा वास काही आठवड्यांतच मावळू लागतो, आणि उरलेली अर्धी बिअर केवळ पैसे दिले म्हणून प्यावी लागते. केगच्या तोंडावर बसणाऱ्या जोडणीला कपलर म्हणतात. अमेरिकी केगांना बहुतेक ‘डी’ प्रकारचा कपलर लागतो, परंतु युरोपातून आलेल्या केगांना तो बसेलच असे नाही, म्हणून दुकानातच विचारून घ्यावे. घरी बिअर बनवणारे मात्र पूर्वी शीतपेयांसाठी वापरले जाणारे ५ गॅलनचे ‘कॉर्नेलियस’ केग वापरतात आणि त्यांच्या जोडण्या वेगळ्या असतात.

उभ्या फ्रीजच्या दारात भोक पाडून नळ बसवणे सोपे असते. आडव्या डीप फ्रीजरच्या भिंतीत मात्र कधीही भोक पाडू नये, कारण तिच्या आत शीतद्रव्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात. तिथे झाकणाखाली लाकडी चौकट बसवून नळ त्या चौकटीत घ्यावा आणि तापमान राखण्यासाठी वेगळा नियंत्रक जोडावा. कार्बन डायऑक्साइडचा ५ पौंडांचा सिलिंडर घरापुरता पुरेसा होतो. त्याच्या आतला दाब सामान्य तापमानाला ८०० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास असल्याने तो रेग्युलेटरशिवाय, म्हणजे दाब कमी करून देणाऱ्या झडपेशिवाय, केगला कधीही जोडू नये. सिलिंडर उभाच ठेवावा, प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, आणि बंदिस्त खोलीत ही मांडणी करू नये, कारण हा वायू हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो. सिलिंडरमधला वायू द्रवरूप असतो. तो द्रव संपेपर्यंत दाबाचा काटा फारसा हलत नाही आणि मग एकाएकी खाली येतो, म्हणून किती वायू उरला आहे ते काट्यावरून न ठरवता सिलिंडरचे वजन करून ठरवावे.

आता मुख्य प्रश्न फेसाचा. ग्लासात निम्मा फेस आला की बहुतेक जण पहिल्यांदा रेग्युलेटर पिळून दाब कमी करतात, आणि नेमकी तिथेच चूक होते. नेहमीच्या एल किंवा लागर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीचपट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, आणि ३ ते ४ अंश सेल्सिअस तापमानाला तो विरघळलेलाच राहावा यासाठी केगमध्ये साधारण १० ते १२ पीएसआय दाब असावा लागतो. हा दाब आपल्या सोयीने नव्हे, तर बिअर आणि तिचे तापमान यांनी ठरलेला असतो. तो कमी केला की पुढचे एक-दोन ग्लास बरे निघतात, पण नंतर वायू नळीतच बिअरपासून सुटू लागतो, पारदर्शक नळीत पोकळ्या दिसू लागतात, फेस पूर्वीपेक्षा वाढतो आणि काही दिवसांत बिअर मिळमिळीत होते. दाब आहे तसा ठेवून त्याला अडवण्याचे काम नळीवर सोपवावे. आतून ३/१६ इंच व्यासाची साधी व्हिनाइल नळी फुटामागे सुमारे ३ पीएसआय दाब खाते असे कोष्टकांत दिलेले असते, आणि त्या हिशेबाने चार फूट पुरायला हवी. घरच्या मांडणीत मात्र तेवढ्यावर भागत नाही, म्हणून दहा फूट नळी घेऊन ती केगवर गुंडाळून ठेवावी. धार फारच संथ वाटली, तर थोडी थोडी कापून आखूड करता येते.

तरीही फेस येत असेल तर तापमान पाहावे, तेही फ्रीजच्या हवेचे नव्हे, तर नळातून ओतलेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या ग्लासातल्या बिअरचे. दुकानातून आणलेला केग गाडीत हिंदकळलेला आणि थोडा तापलेला असतो. त्याला फ्रीजमध्ये किमान २४ तास स्वस्थ राहू द्यावे. पहिलाच ग्लास फेसाळत असेल आणि पुढचे ठीक येत असतील, तर नळाजवळचा भाग गरम राहतो आहे असे समजावे. फ्रीजमध्ये छोटा पंखा ठेवल्याने हा दोष बराचसा जातो. गिनेससारख्या नायट्रोजनवरच्या स्टाउटला (गडद काळसर बिअरला) हा हिशेब लागू होत नाही. तिला तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण, ३० पीएसआयच्या पुढचा दाब आणि वेगळा नळ लागतो.

ओतताना ग्लास ४५ अंशांत तिरका धरावा, नळ एकदम पूर्ण उघडावा आणि नळाचे टोक बिअरमध्ये बुडू देऊ नये. नळ अर्धवट उघडून धार जपण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यानेच फेस उसळतो. ग्लास भरत आला की सरळ करावा, म्हणजे वर बोटभर फेस राहतो. ग्लासाची घासणी वेगळीच हवी; ज्या घासणीने फोडणीची कढई घासली तिनेच ग्लास घासला, तर तेलाचा अदृश्य थर फेस टिकू देत नाही आणि काचेला बुडबुडे चिकटून राहतात.

स्वच्छतेच्या बाबतीत अमेरिकेतल्या ‘ब्रुअर्स असोसिएशन’ने घालून दिलेला नियम घरीही पाळावा: दर दोन आठवड्यांनी नळी आणि नळ अल्कलीयुक्त क्लीनरने धुवावेत, आणि दर तीन महिन्यांनी आम्लयुक्त क्लीनरने नळीत साचलेले कॅल्शियमचे किटण काढावे. ही दोन्ही द्रावणे एकत्र करू नयेत, हातमोजे घालावेत, आणि शेवटी भरपूर पाणी सोडावे. नळाचे टोक दिवसभराच्या वापरानंतर नुसत्या पाण्याने धुतले तरी आंबूस वास आणि चिलटे दोन्ही टळतात. व्हिनाइलची नळी वर्षातून एकदा बदलावी. ती इतकी स्वस्त असते की घासत बसण्यात अर्थ नाही. केग रिकामा झाला की आधी वायू बंद करावा, मग कपलर काढावा आणि केग दुकानात परत करून त्याची अनामत रक्कम सोडवून घ्यावी.