शाळेचा इतिहास लिहायचाय? आधी ढालींचं कपाट उघडा

शताब्दी नाहीतर अमृतमहोत्सव जवळ आला की माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, "स्मरणिका काढूया की रे, शाळेचा इतिहास पायजे त्यात." मग एकजण मुख्याध्यापकांची यादी टाईप करून आणतो, दुसरा इमारतीचा फोटो टाकतो, झाला इतिहास. खेळाला अर्धं पान, त्यात "क्रीडाक्षेत्रातही शाळेची उज्ज्वल परंपरा आहे" एवढंच. बेळगावातल्या सरकारी, अनुदानित हायस्कुलांचं हे नेहमीचंच. बोर्डात आलेली पोरं ऑफिसबाहेरच्या फळ्यावर रंगवलेली असतात, मैदानावर घाम गाळलेली कुठंच नसतात. म्हणून माझं म्हणणं, खेळापासून सुरू करा. स्थापनेचं साल कुठं पळून जात नाही, खरं पीटी सर आता ऐंशी-पंच्याऐंशीचे झालेत.

पहिलं काम म्हणजे मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या आणि ढालींचं कपाट उघडून मागा. किल्ली कुणाकडं आहे हे शिपायाला माहीत असतं, हेडसरांना नसतं. आत फिरती ढाल सापडली तर लॉटरीच, कारण तिच्या कडेनं दरवर्षीच्या विजेत्याची पितळी पट्टी ठोकलेली असते. पट्टी काळी पडलेली असली तरी ब्रासो लावून घासत बसू नका, कोरलेली अक्षरं आधीच झिजलेली असतात, आणखी जातात. खोलीत अंधार करा, मोबाईलची बॅटरी पट्टीच्या अगदी बाजूनं आडवी धरा, अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि नाव वाचता येतं. तसाच फोटो काढा, आणि ढाल पालथी करून मागचाही काढा, मागं बऱ्याचदा देणगीदाराचं नाव असतं. आणखी एक, पट्टीवर "1967-68" असेल तर ते शाळेचं वर्ष. आपल्याकडं शाळेच्या स्पर्धा पावसाळा ते दिवाळीच्या मागंपुढं होतात म्हणजे मॅच बहुतेक 1967 चीच, पेपरात शोधताना तिथनं सुरुवात करा.

पुठ्ठ्यावर चिकटवलेले टीमचे ग्रुप फोटो असतील तर फ्रेमची काच न काढता थोडं तिरकं धरून फोटो घ्या. खाली "बसलेले, डावीकडून" अशी नावं असली तर ठीक, नसली तर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून "ओळखा पाहू" करू नका, चार जण चार नावं सांगतात आणि मग जो मोठ्यानं बोलतो त्याचं खरं होतं. एकेकाला वेगवेगळं दाखवा, दोघांचं जुळलं तरच लिहा.

आता पीटी सर. त्यांच्याकडं जाताना प्रश्नांची यादी नको, फोटो न्या. "सर, राज्याला कितीदा गेलो?" असं विचारलं की "लई वेळा" असं उत्तर येतं, खरं फोटो हातात दिला की या पोराला बूट नव्हते, ह्याला सेंटर हाफला मी घातलं, लेले ग्राऊंडवर चिखल होता, सगळं आपोआप येतंय. मोबाईलवर रेकॉर्ड करा, आधी विचारून. सरांच्या घरी जुन्या सर्टिफिकेटांची फाईल, टीएची (प्रवासखर्चाची) बिलं, कधी टीमच्या याद्या असतात, त्या तिथंच स्कॅन करा, घरी न्यायच्या नाहीत, नेलेलं परत जात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सरांनी सांगितलेलं पेपरात तपासायचं. तरुण भारत इथं 1919 पासून आहे, बाबूराव ठाकुरांनी काढलेला, त्यामुळं स्वातंत्र्याच्या आधीच्या बातम्यांसाठीही तिथंच बघायचं. सार्वजनिक वाचनालयात आणि पेपरच्या ऑफिसात जुने अंक कुठल्या वर्षापासून बघायला मिळतील ते आधी विचारून घ्या, मग जा. सगळे अंक चाळायला गेलात तर म्हातारे व्हाल, ढालीवरचं साल घ्या आणि ऑगस्ट ते डिसेंबर एवढंच बघा.

इथं एक गोष्ट बाहेरच्याला कळत नाही आणि आपलेही लोक चुकतात. "राज्यात दुसरा" असं लिहिलं असेल तर राज्य कुठलं? 1 नोव्हेंबर 1956 च्या आधी बेळगाव मुंबई राज्यात, नंतर म्हैसूर राज्यात, त्याचंच 1973 ला कर्नाटक झालं. म्हणजे 1954 चा पोरगा आणि 1964 चा पोरगा दोघंही "राज्यात दुसरे", खरं वेगवेगळ्या राज्यात. दोघांना एका यादीत घाला, राज्याचं नाव मात्र पुढं लिहाच. आत्ताचं "जिल्ह्यात पहिला" पण तपासा, शिक्षण खात्याच्या हिशेबानं बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन वेगळे शैक्षणिक जिल्हे आहेत. आत्ताची स्पर्धांची शिडी क्लस्टर (जवळपासच्या शाळांचा गट), तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी, त्याच्यावर स्कूल गेम्स फेडरेशनची राष्ट्रीय, आणि ती फेडरेशनच 1954 ची आहे, त्यामुळं कुणी 1948 ला "स्कूल नॅशनल" खेळलो म्हणालं तर ती स्पर्धा दुसरीच कुठलीतरी.

आकड्यांचं बघा. जुन्या नोंदी यार्डात असतात, 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर, त्यामुळं तो टाईम 100 मीटरच्या रेकॉर्डशेजारी मांडून आजोबांना हिरो करू नका. 440 यार्ड म्हणजे 402 मीटरच्या आसपास, ते बरंचसं जुळतं. लांब उडी फूट-इंचात, एक फूट 30.48 सेंटिमीटर. गोळाफेकीत गोळ्याचं वजन नाही लिहिलं तर नोंदच निकामी, 12 पौंडी (5.44 किलो) आणि 16 पौंडी (7.26 किलो) यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टाईम सगळे हातातल्या स्टॉपवॉचचे, तसं शेजारी लिहा. मूळ आकडा जसाच्या तसा ठेवायचा, बदललेला बाजूला.

मग ऑफिसातली रजिस्टरं. जनरल रजिस्टर हा शाळेचा खरा पाया, प्रवेश कधी, दाखला कधी, सगळं त्यात. जुन्यात "इंग्रजी पाचवी" दिसलं तर ती आत्ताची नववी, कारण मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली सुरू व्हायची आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, अकरावी. फार जुनं पान मोडीत निघालं तर वाचणारा शोधावा लागतो, 1956 नंतरच्या कन्नड शेऱ्यांना शाळेतलेच कन्नडचे सर बास. बेळगावातल्याच शहापूर भागातल्या लोकांनी मात्र लक्षात ठेवा, शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं, तेव्हा चिंतामणराव हायस्कूलसारख्या शाळेचे जुने कागद ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्याच्या दप्तरात शोधून हाती काय लागायचं नाही, सांगलीकडं बघा.

जनरल रजिस्टरचा आणखी एक उपयोग म्हणजे थापा पकडणं. नाव मोठं असलं की तीन-तीन शाळा हक्क सांगतात. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाले आणि 19 वे आले, बंडू पाटील 1964 ला टोकियोत हॉकीचं सुवर्ण जिंकलेल्या टीममध्ये होते, असले लोक कुणाला नको असतात! "ते आमच्या शाळेचे" असं लिहायचं तर रजिस्टरचा नंबर आणि प्रवेशाची तारीख पायजे. नाही सापडलं तर "आमच्या मैदानावर सरावाला यायचे असं सांगतात" एवढंच लिहा, तेवढ्यानं शाळा काय बारीक होत नाही.

मुलींचं वेगळं शोधा. ढालींच्या कपाटात त्यांचं फार कमी असतं, आणि लग्नानंतर आडनाव बदललं की ग्रुपवरही सापडत नाहीत. रजिस्टरातल्या माहेरच्या नावानं गल्लीत विचारत गेलात तर भाऊ नाहीतर वहिनी पत्ता देते. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं 2018 च्या एशियाडला कुराशमध्ये (कुस्तीसारखाच एक खेळ) ब्राँझ आणलं तेव्हा गावोगावी सत्कार झाले, खरं तुमच्या शाळेतल्या 1975 च्या खो-खो टीमची कॅप्टन कोण होती हे आज कोण सांगणार?

शाळेनं दाद दिली नाही तर शेवटचा उपाय माहिती अधिकार. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, उत्तराला 30 दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो, त्यामुळं "सर्व इतिहास द्यावा" असलं काय लिहू नका, "1960 ते 1970 चं क्रीडा साहित्याचं स्टॉक रजिस्टर बघायला मिळावं" असं नेमकं मागा. खरं सांगायचं तर चहा पिऊन क्लार्कशी चार गोष्टी बोललं की ही वेळ येत नाही.

छापताना रजिस्टरातली जात, जन्मतारीख, वडिलांचा धंदा यातलं काय छापायचं नाही, पानाचा फोटो तर अजिबात नाही. नाव, वर्ष, खेळ, निकाल आणि हे कशावरून लिहिलं ते, एवढं पुरे. स्कॅन केलेलं सगळं एका पेन ड्राइव्हवर शाळेला द्या, दुसरी कॉपी वाचनालयाला द्या, कारण हेडसर बदलले की शाळेतला पेन ड्राइव्ह कुठं गेला ते परत शिपायालाच विचारावं लागतंय.