घरी एकट्यानं जड वजन उचलायचंय? मग बारला हात लावायच्या आधी एवढं करा

घरीच सेटअप लावणारे आता गल्लोगल्ली सापडतात, कोणी टेरेसवर पत्र्याची शेड टाकून, कोणी पार्किंगच्या कोपऱ्यात, कोणी सरळ बेडरूममधला पलंग भिंतीला सरकवून. चांगलंच आहे की, बेंच रिकामा व्हायची वाट बघायला नको, पर्सनल ट्रेनिंग घ्या म्हणून कोणी मागे लागत नाही. पण जिममध्ये एक गोष्ट फुकटात मिळायची ती म्हणजे आजूबाजूची माणसं, अडकलो की नुसता आवाज दिला तरी कोणीतरी धावत यायचं, आणि तालमीत तर वस्तादाची नजर हटतच नाही. घरी ते काही नसतं, म्हणून प्रत्येक व्यायामाच्या आधी स्वतःला एकच विचारायचं: हा रेप (एका वेळची उचल) वर गेला नाही तर बार जाणार कुठे? उत्तर पटकन आलं तर करा, नाही आलं तर तो व्यायाम आज नाही, दुसरा काहीतरी. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका प्रश्नाचीच तयारी आहे.

सुरुवात बेंच प्रेसपासून, म्हणजे बेंचवर झोपून बार छातीवरून वर ढकलायचा तो व्यायाम, कारण एकट्या माणसाला खरा धोका इथे आहे. बाकी व्यायामात बार सुटला तर तो बहुतेक वेळा जमिनीवर जातो, इथे बार आणि जमीन यांच्या मधोमध तुम्ही झोपलेले असता, आणि बार घसरला तर गळा छातीपासून वीतभरावर. रॅक, म्हणजे बार ठेवायचा लोखंडी सांगाडा, असेल तर सेफ्टी रॉडची, म्हणजे सुटलेला बार अडवणाऱ्या आडव्या दांड्यांची, उंची अंदाजानं लावू नका. रिकामा बार घ्या, खऱ्या सेटला, म्हणजे सलग रेपच्या फेरीला, झोपता तसंच झोपा, खांदे मागे आवळलेले, छाती वर काढलेली, आणि बार छातीला टेकवा. सेफ्टी त्याच्या बोटभर खाली पाहिजे. आता खांदे सोडा, पाठ सपाट करा, छाती खाली बसली की बार आपोआप सेफ्टीवर बसला पाहिजे. मग एक टेस्ट अजून, जी सहसा कोणी करत नाही: तो टेकलेला बार हळूच गळ्याच्या वर सरकवा आणि बघा मध्ये मोकळी जागा राहते का. राहत नसेल तर ती सेफ्टी फक्त दाखवायला आहे. काही रॅकच्या भोकांमध्ये एवढं अंतर असतं की एक भोक फार खाली आणि वरचं भोक छातीच्याही वर, तेव्हा पूर्ण बेंच मावेल असा रबर मॅट किंवा प्लायचा तुकडा खाली टाकून बेंचच वर घ्यायचा, एकाच पायाखाली वीट सरकवायची नाही.

रॅक नाहीये, नुसता दोन खांबांचा बेंच आहे, जो आपल्याकडे सगळ्यात जास्त विकला जातो, तर मग सरळ सांगतो, त्यावर एकट्यानं जड बेंच करू नका, डंबेल घ्या. डंबेल अडकलं तर बाजूला सोडता येतं, फरशी फुटेल पण तुम्ही फुटणार नाही. फ्लोअर प्रेस, म्हणजे बेंचऐवजी जमिनीवर झोपून केलेला प्रेस, एकदम सेफ असतो असं पण कोणीतरी सांगतं, ते अर्धंच खरं आहे. 45 सेंटीमीटर व्यासाच्या मोठ्या प्लेट असतील तर बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर अडतो, गळा वाचतो, पण घरच्या सेटमधल्या पाच-दहा किलोच्या प्लेट बशीएवढ्या असतात, त्यांच्यासोबत बार अंगावरच येणार.

लॉकचं, म्हणजे प्लेट बारवरून सरकू नयेत म्हणून टोकाला लावतात त्यांचं, काय, यावर लोक तावातावानं भांडतात पण गणित सोपं आहे. सेफ्टी रॉड लावलेत तर लॉक लावायचेच, कारण बार पकडायला सेफ्टी आहे आणि प्लेट सरकल्या तर बार तिरका होणार. सेफ्टी नसेल आणि तरी तुम्ही बेंच करणारच असाल तर लॉक काढून ठेवा, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून बार एका बाजूला कलवून प्लेट सांडता येतात, फक्त एवढं माहीत पाहिजे की एक बाजू रिकामी झाली की दुसरी बाजू जोरात खाली झेप घेते, बार फिरतो, आणि शेजारी कपाटाची काच असेल तर ती गेली. आटे पाडलेला रॉड आणि त्यावर पिळायचा नट, जो स्वस्त सेटसोबत येतो, त्यात नट लावला की हा पर्याय पण संपला. बार छातीवर बसलाच तर गळ्याकडे अजिबात जाऊ द्यायचा नाही, पोटावरून कमरेकडे लोळवत न्यायचा आणि मग उठून बसायचं. हे हलक्या वजनावर आधी करून बघा, पहिला प्रयोग खऱ्या अडचणीत नको, आणि पोटावरून किती वजन जाऊ शकतं याचा अंदाजही तेव्हाच येतो, जे फार नसतं. अंगठा बारभोवती गुंडाळलेलाच हवा, अंगठा मागे ठेवून पकड घेणारे व्हिडिओत भारी दिसतात, घामाच्या हातातून बार निसटला की मधे काही नसतं.

स्क्वॉटला, म्हणजे बार खांद्यावर घेऊन मारायच्या बैठकांना, सेफ्टी रॉड तुमच्या सगळ्यात खालच्या पोझिशनच्या दोन-तीन बोटं खाली. अडकलात तर पुढे वाकून वर ढकलत बसायचं नाही, तसंच सरळ खाली बसायचं, बार रॉडवर टेकवायचा आणि खालून बाहेर यायचं. हे पण रिकाम्या बारवर मुद्दाम फेल होऊन बघायचं, थोडं येड्यासारखं वाटतं, वाटू दे. बार ज्यावर ठेवतो त्या हुकची उंची अशी पाहिजे की बार उचलताना आणि ठेवताना टाचा वर कराव्या लागणार नाहीत, कारण शेवटच्या रेपनंतर थरथरत्या पायांनी चवड्यावर उभं राहून हुक शोधणं म्हणजे आफत. सेफ्टी नसलेले दोन सुटे स्टँड असतील तर जड बॅक स्क्वॉट विसरा, छातीशी डंबेल धरून गॉब्लेट करा किंवा एक पाय बेंचवर ठेवून स्प्लिट स्क्वॉट करा, वीस-वीस किलोचे डंबेल हातात असले तरी मांड्यांचा निकाल लागतो. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा बार धरून सरळ उभं राहायचं त्यात, अंगावर काही पडत नाही, सोडून दिलं की झालं. हाताला स्ट्रॅप (बारला गुंडाळायचा पट्टा) बांधून डेडलिफ्ट चालतं, पण स्ट्रॅप बांधून क्लीन (बार जमिनीवरून झटक्यात खांद्यावर घेणं) करायचं नाही, बार खांद्यावर येताना मनगट सुटलं पाहिजे.

श्वासाचं थोडं नीट वाचा. जड रेपला श्वास पोटात कोंडून धरतात, पाठीला आधार मिळतो, सगळेच करतात, पण त्या क्षणी बीपी कुठच्या कुठे जातं. 1985 मध्ये कॅनडातल्या मॅकडूगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून हे मोजलं होतं, दोन्ही पायांच्या लेग प्रेसला सरासरी 320 बाय 250 आली, आणि एकाचं तर 480 बाय 350 च्याही वर गेलं. सेट संपला की ते तेवढ्याच झटक्यात खाली येतं, डोळ्यापुढे काजवे चमकतात ते तेव्हाच. म्हणून बार आधी ठेवायचा आणि मगच हात सोडायचे, डेडलिफ्टनंतर चक्कर आली तर लगेच खाली बसायचं, उभ्यानं झुलत राहायचं नाही, आणि आजूबाजूला डोकं आपटेल असं टोकदार काही नको, खिडकीचा कोपरा, पायरी, डंबेलचा स्टँड. बीपीची गोळी चालू आहे, हर्निया आहे किंवा हृदयाचं काही निघालंय तर एकट्यानं जड उचलायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, यूट्यूब नाही. उपवासाच्या दिवशी, मग चतुर्थी असो की नवरात्र, जड सेट ठेवूच नका, हलकं करा, कोणी बघत नाहीये. रात्री झोप झाली नाही तरी तेच. मे महिन्यात टेरेसवरच्या पत्र्याखाली दुपारी कोणी करत असेल तर त्याला माझा नमस्कार.

आता जागा. फरशी ओली नको, घामाचे थेंब पडले तरी पुसा, व्हिट्रिफाइड टाइलवर ओल्या पायानं स्क्वॉट म्हणजे घसरगुंडी. चप्पल नको, जाड मऊ सोलचे रनिंग शूजही नकोत, सपाट सोलचे बूट किंवा अनवाणी. कोकणात किंवा मुंबईत असाल तर घामानं बेंचच्या रेक्झिनवर पाठ सरकते, सुती टॉवेल टाकण्यापेक्षा सुती टीशर्ट घाला, टॉवेल स्वतःच सरकतो. हाताला खडूची पावडर म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटची, अंगाला लावायची टाल्कम नाही, टाल्कमनं पकड उलट सुटते. गळ्यातली चेन, बोटातली अंगठी, मंगळसूत्र, हुडीची दोरी, सगळं काढून बाजूला. स्लॅब पडेल का असं बरेच जण विचारतात. राहत्या घराच्या खोलीसाठी आयएस 875 या बांधकामाच्या भारतीय मानकात चौरस मीटरला 2 किलोन्यूटन म्हणजे साधारण 200 किलोचा भार धरतात, त्यामुळे पसरून ठेवलेलं वजन सहसा अडचण करत नाही, अडचण होते ती वजन आपटल्यानं, तेव्हा खाली प्लाय आणि वर जाड रबर घाला, खालच्या मजल्यावरच्या काकूंशीही संबंध टिकतील. बिल्डिंग जुनी असेल, गळकी असेल, तर मात्र इंजिनियरला विचारल्याशिवाय वर काही ठेवू नका.

लाईट जाते हे विसरू नका. शंभर किलो खांद्यावर आणि अचानक अंधार, हुक दिसत नाही, हा प्रकार आपल्याकडे अगदी शक्य आहे, म्हणून त्या खोलीत चार्ज होणारा इन्व्हर्टर बल्ब लावून ठेवा, फार पैसे लागत नाहीत. दाराला आतून कडी लावायची नाही, कारण वेळ आली तर बाहेरचा माणूस आत कसा येणार. लहान मूल घरात असेल तर मात्र उलटी पंचाईत, दार उघडं ठेवलं की ते रांगत बारखाली येतं, तेव्हा त्याला कोणीतरी सांभाळत असेल तेव्हाच जड सेट. फोन बेंचशेजारी जमिनीवर, पडल्यापडल्या हात पोहोचेल असा, टेबलावर चार्जिंगला नाही, आणि व्हॉइसवर कॉल लागतो का ते एकदा करून बघा. 112 आणि 108 लॉक स्क्रीनवरून लावता आले पाहिजेत. घरात दुसऱ्या खोलीत कोणी असेल तर सांगून ठेवा की अर्धा तास जड चाललंय, हाक मारली तर ये. घरात कोणीच नसेल तर एखाद्या मित्राला सुरू करताना मेसेज आणि संपल्यावर मेसेज, दुसरा आला नाही तर त्यानं फोन करायचा. दोन्ही कानात इअरफोन घालून गाणी फुल्ल करू नका, नट सैल झाल्याचा खडखडाट ऐकू यायला पाहिजे.

सामान तपासायला दोन मिनिटं लागतात. बेंचचे बोल्ट हातानं हलवून बघा, वेल्डिंगच्या जागी रंगाखाली केसासारखी चीर दिसतेय का, रॅकचे पाय डगमगतात का, बार फिरवून वाकलाय का ते पाहा. टेरेसवर असेल तर पावसाळ्यात गंज चढतो, प्लेट रॉडवरच अडकून बसतात आणि सेफ्टीची पिन भोकात अर्धीच जाते, अर्धी गेलेली पिन म्हणजे नसलेली पिन.

वजन किती हे खोलीत शिरायच्या आधी वहीत लिहा, अंगात आल्यावर नाही. एकट्यानं मॅक्स काढायचा नाही, एकच एक रेपचा विक्रम वगैरे मित्र आला की, त्याला चहा पाजून. सेटमध्ये अजून दोन रेप निघतील असं वाटतं तिथेच थांबायचं, वाढवायचं तर अडीच किलो, आणि वॉर्मअप रिकाम्या बारपासून पायरी पायरीनं.

शेवटचं म्हणजे प्लेट उतरवताना. सेट झाला, डोकं रिकामं, एका बाजूच्या सगळ्या प्लेट काढल्या की अरुंद खांबांच्या बेंचवर बार उलटतो, खांब दोन फुटांवर असतील तर वीस किलोच्या बारवर एका बाजूला राहिलेली एकच वीसची प्लेटही पुरते, आणि उडालेलं टोक थेट तोंडावर येतं. म्हणून एक इकडची, एक तिकडची, घालताना पण तसंच.